दिसणारी संहिता : चिनी लेखनपट आणि चारठाण्याचा स्तंभ

१

'संहिता' ही संज्ञा मराठी समीक्षेत स्थिरावली, त्याला आता बराच काळ लोटला. तिच्यामुळे साहित्यकृतीभोवतीचे गूढतेचे वलय विरळ झाले आणि कृतीच्या भाषिक रचनेकडे लक्ष वळले, हे मान्यच करावे लागेल. परंतु या संज्ञेबरोबर एक गृहीतकही निमूटपणे आत आले. संहिता कोणत्याही कागदावर, कोणत्याही वळणाच्या अक्षरांत उतरवली तरी ती तीच राहते, असे ते गृहीतक. ते मुद्रणाच्या सवयीतून आलेले आहे. ते सार्वत्रिक आहे काय, हे तपासायचे तर लेखन, चित्र आणि काव्य यांची आपल्यासारखी फारकत जिथे झाली नाही, अशा परंपरेकडे जावे लागते. चिनी लेखनपट आणि चित्रगुंडाळ्या यांचा येथील विचार या हेतूने केला आहे. आणि त्याची दुसरी बाजू म्हणून परभणी जिल्ह्यातील चारठाणा या गावाचा.

तुलनेसाठी चीनच का, असा प्रश्न विचारला जाईल. मराठीतील तौलनिक विचार बहुधा इंग्रजीच्या वाटेने आणि इंग्रजीशीच झाला. त्या तुलनेत दोन्ही बाजूंची लिपी उच्चारानुसारी असल्याने लेखनाचे दृश्य अंग प्रश्न म्हणून उभेच राहत नाही. अर्थात चिनी लिपी म्हणजे चित्रांची माळ, हा फेनोलोसा यांचा, आणि त्यांचा निबंध १९१९ साली प्रकाशात आणणाऱ्या एझ्रा पाउंड यांचा समज टाळायला हवा. बहुसंख्य चिनी अक्षरांत उच्चार सुचविणारा घटक असतो. म्हणजे भेद 'ध्वनिलिपी' आणि 'चित्रलिपी' असा सरळ नाही. लिहिणाऱ्या हाताला वाङ्मयीन मूल्य आहे की नाही, हा खरा भेद आहे.

२

२०११ सालच्या जून महिन्यात तैपेइ येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात ह्वांग गोंगवांग (१२६९–१३५४) यांच्या 'फूचुन पर्वतातील निवास' या गुंडाळीचे दोन तुकडे एकत्र मांडण्यात आले. मोठा तुकडा तैपेइचा. सुमारे अर्धा मीटर लांबीचा लहान तुकडा हांगचौच्या चच्यांग प्रांतिक संग्रहालयाचा. १६५० च्या सुमारास वू होंगयू या मालकाने मरणसमयी ही गुंडाळी आगीत टाकविली. पुतण्याने ती ओढून काढली, पण तोवर तिचे दोन भाग झाले होते. पुढे अठराव्या शतकात छ्यनलोंग बादशहाने तिच्या एका नकलेलाच मूळ मानले आणि त्या नकलेवर पन्नासाहून अधिक लेख लिहिले. १७४६ मध्ये खरी गुंडाळी दरबारात आली तेव्हा तिला त्याने नक्कल ठरविले. राजरसिकाच्या या चुकीमुळे मूळ कृतीतील मोकळी जागा वाचली.

या हकिकतीत गमतीपेक्षा अधिक काही आहे. चिनी परंपरेत आस्वादकाचे लेखन कृतीच्या अंगावरच होते. मालकाची मुद्रा, मित्राचा पश्चलेख, दोन शतकांनंतरच्या जाणकाराची पुस्ती, हे सारे त्याच गुंडाळीला जोडले जाते. सू श (१०३७–११०१) यांचा 'शीतान्न पर्वा'चा लेखनपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. ह्वांगचौ येथील हद्दपारीत, १०८२ च्या सुमारास, पावसाळी दैन्यात रचलेल्या दोन कविता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या. आरंभी अक्षरे लहान आणि आवरलेली आहेत. पुढे ती मोठी होतात, दाटतात, काही अक्षरांचे उभे फटकारे खाली लांबवर ओढले जातात. छापील प्रतीत या दोन कविता नियमबद्ध, समान मात्रांच्या ओळी म्हणून दिसतील. पटावर मात्र छंदाचा संयम आणि हाताचा क्षोभ एकमेकांसमोर उभे राहतात. कवितेचा अर्थ या ताणात आहे, आणि हा ताण केवळ शब्दांतून हाती लागत नाही. त्याच पटावर ह्वांग थिंगच्यन यांनी मोठ्या अक्षरांत आपला अभिप्राय लिहिला : सू श यांनी हेच पुन्हा लिहिले तर ते इतके साधेलच असे नाही, असा त्याचा आशय आहे. येथे समीक्षक कृतीविषयी बोलतो आणि स्वतःच्या अक्षराने तिच्याशी स्पर्धाही करतो. समीक्षेची इतकी उघड, इतकी जबाबदार जागा अन्यत्र क्वचितच आढळेल.

३

मराठी परंपरेत वाचक कुठे लिहितो? तो संहितेच्या बाहेर लिहीत नाही; तो तिच्या आत लिहितो. ओव्या वाढतात, रूपे बदलतात, क्षेपके मिसळतात. म्हणूनच शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करताना एकनाथांना पुढील पाठकांना बजावावे लागले की, यात स्वतःची ओवी घालू नये. एकनाथांचा हा निर्बंध आणि चिनी संग्राहकाची मुद्रा या दोन्हींमागे चिंता एकच आहे : आपण कृतीला स्पर्श करतो आहोत, तो स्पर्श कसा असावा? चिनी परंपरेने त्यासाठी समास दिला. मराठीने विनयाचा दंडक घातला.

समासाचा उल्लेख आला की रामदासांची आठवण अपरिहार्य ठरते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचे निरूपण करतो. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. ओळीला ओळ लागू नये. आरंभीचे अक्षर शेवटपर्यंत तसेच टिकावे, एकाच टाकाने लिहिले असे वाटावे. चोहोंकडून कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी मजकूर झिजणार नाही, असा उपदेश तेथे आहे. चारठाण्याच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब गावी जन्मलेल्या या संताने मांडलेला हा विचार लेखनकलेचे एक पूर्ण मूल्यशास्त्र आहे. परंतु समीक्षेने तो व्यवहारोपदेश म्हणून बाजूला ठेवला.

या मूल्यशास्त्राचे वेगळेपण 'लानथिंग प्रस्तावने'शी तुलना केली की स्पष्ट होते. वांग शीच्र यांनी इ. स. ३५३ मध्ये लिहिलेल्या या लेखात 'च' हे एकच अक्षर वीसेक वेळा येते, आणि दर वेळी ते निराळ्या घडणीने येते. या वैविध्याचे कौतुक शतकानुशतके झाले. रामदासांना पहिले आणि शेवटचे अक्षर एकरूप हवे आहे. वांग शीच्र यांच्या कीर्तीला कारण आहे ते पुनरावृत्तीचा नकार. एका ठिकाणी हात स्वतःला पुसून टाकतो, दुसऱ्या ठिकाणी तो स्वतःची नोंद करतो. यांपैकी एकाला कला आणि दुसऱ्याला कारागिरी म्हणणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. लिहिणारा नाहीसा व्हावा आणि ग्रंथ उरावा, हीही एक सौंदर्यदृष्टीच आहे. तिच्या मुळाशी भक्ती आहे. चीनमध्येही थांग काळातील ओउयांग श्युन यांचे काटेकोर वळण शिस्तीचाच आदर्श मानले गेले. म्हणजे हे दोन देशांचे स्वभाव नव्हेत. लेखनाच्या दोन शक्यता आहेत.

स्वतःला पुसणारा हात मराठी पोथीत एका जागी पुन्हा प्रकट होतो. ती जागा पुष्पिकेची. लेखनिकाचे नाव, गाव, शक, तिथी. आणि पाठ, कंबर, मान मोडून हे लिहिले आहे, तरी ते जपून ठेवा अशी परंपरागत विनवणी. शेकडो पानांच्या निर्वैयक्तिकतेनंतर एक देह क्षणभर बोलतो. पोथ्यांच्या सूचींत पुष्पिकेचा उपयोग कालनिश्चितीसाठी होतो. तिच्याकडे संहितेचा एक आवाज म्हणून पाहिले गेलेले नाही.

४

मराठीत हाताची नोंद करणारे लेखन नव्हतेच, असेही नाही. बाळबोध पोथीशेजारी मोडीचा कागद ठेवला म्हणजे हे लक्षात येते. बोरू शक्यतो न उचलता लिहिली जाणारी ही लिपी वेगाची लिपी आहे. चिटणिशी, बिवलकरी, महादजीपंती अशी तिच्या वळणांची नावेच सांगतात की, अक्षरावरून घराणे आणि हात ओळखण्याची दृष्टी समाजात होती. चिनी 'शिंगशू' म्हणजे धावत्या वळणाशी तिची तुलना रास्त ठरेल. फरक असा की, शिंगशूत काव्य लिहिले गेले आणि मोडीत प्रामुख्याने हिशेब, सनदा आणि पत्रे. मराठीत श्रद्धेचे अक्षर आणि व्यवहाराचे अक्षर असे दोन भाग पडले. श्रद्धेच्या वाट्याला स्थैर्य आले आणि गती व्यवहाराकडे गेली. मोडी कागद इतिहाससंशोधकांच्या हाती गेले, पोथ्या पाठचिकित्सकांच्या हाती. त्यांच्या दृश्यरूपाचा प्रश्न कोणाचाच राहिला नाही.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचा येथे निराळा उपयोग होऊ शकतो. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांनी सांगितलेली लयतत्त्वे साहित्याला लावताना त्यांना भावनात्मक अर्थाला माध्यम मानावे लागले, आणि त्या जागी त्यांचा सिद्धान्त सर्वांत वादग्रस्त ठरला. लिहिलेल्या ओळीला मात्र ही तत्त्वे प्रत्यक्षच लागू पडतात. दाट आणि विरळ शाई, उभ्या फटकाऱ्याला आडव्याचा विरोध, ओळ आणि कोरी जागा यांचा समतोल, हे डोळ्यांनी दिसणारे संबंध आहेत. साहित्याचे इंद्रियगोचर अंग नादापुरते सीमित मानले गेले नसते, तर या चर्चेला वेगळे वळण मिळाले असते. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी कविता आणि अक्षररचना या दोन्ही क्षेत्रांत काम केले. परंतु त्यांचा विचार उपयोजित कलेच्या दालनातच होत राहिला, यातही हीच विभागणी दिसते.

५

आता चारठाणा. जिंतूर तालुक्यातील या गावात यादवकालीन म्हणून ओळखली जाणारी देवळे विखुरलेली आहेत. गोकुळेश्वराचे देऊळ आणि बारव आहे. उंच कोरीव स्तंभ आहे. ज्या काळाने लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी दिली, त्याच काळाची ही घडण. या दोन्ही ग्रंथांची कर्त्याच्या किंवा पहिल्या लेखनिकाच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. स्तंभावर मात्र त्या काळच्या छिन्नीचा आघात जसाच्या तसा आहे. शब्दाचा हात हरवला, दगडाचा हात राहिला.

वांग शीच्र यांचे मूळ हस्तलिखितही उरलेले नाही. ते थांग सम्राट थायचोंग यांच्या थडग्यात पुरले गेले अशी परंपरा आहे. परंतु दरबारी नकलकारांनी त्यातील खाडाखोडीसुद्धा उतरवून ठेवली. दगडावरचे लेख ठशांच्या रूपाने फिरले. शीआन येथील १०८७ साली स्थापन झालेले 'शिलालेखांचे वन' हे त्या संस्कृतीचे केंद्र. ओला कागद दगडावर ठोकून, त्यावर शाई फिरवून घेतलेला ठसा आपल्याकडेही पुराभिलेखतज्ज्ञ वापरतात. पण तो वाचून झाला की त्याचे काम संपते. चीनमध्ये वाचून झाल्यावर त्याचे काम सुरू होते, कारण तो गिरवायचा असतो. नक्कल दोन्हीकडे आहे. एकीकडे हाताशी निष्ठा आहे, दुसरीकडे शब्दाशी आणि त्याच्या श्रवणाशी. याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग स्वतः विठ्ठलाने लिहून घेतले, ही कथा हेच सांगते : लेखन ही सेवा आहे आणि मूळ कृती उच्चारात आहे.

मग असे लेखन प्रदर्शनात मांडायचे कसे? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातून आलेल्या चिनी वस्तूंत पोर्सेलिनची भांडी आणि मौल्यवान दगडातील कोरीवकाम ठळक आहे. चिनी भांड्यांच्या तळाला पुष्कळदा राज्यकालाची मुद्रा असते, म्हणजे फडताळात मांडल्यावर अक्षर खाली जाते आणि नक्षी वर राहते. मराठी प्रेक्षकापर्यंत चीन पोचला तो असा, अक्षर वगळून. गुंडाळीचेही असेच होते. हातभर उलगडत, उजवीकडून डावीकडे पाहायची ही वस्तू काचेखाली सबंध पसरली की तिच्यातील काळ नाहीसा होतो. पोथीचे तर एकच पान दिसते. प्रदर्शन दृश्यता देते आणि वाचनाची क्रिया काढून घेते. चारठाण्याच्या स्तंभाभोवती काच नाही. त्याला प्रदक्षिणा घालता येते, आणि ऊन-पाऊसही त्याला घालतातच. संग्रहालयात वस्तू टिकते, गावात तिचा संदर्भ टिकतो; दोन्ही एकत्र मिळण्याची सोय अद्याप झालेली नाही.

यावर समीक्षेने करण्यासारखे एक मर्यादित काम आहे. पोथीच्या सूचीत पत्रसंख्या, दर पानावरच्या ओळी, समास, शाई, पुष्पिका यांची नोंद असते. ही नोंद ग्रंथपालाची न मानता संहितेच्या वाचनाचा पहिला भाग मानली पाहिजे. एखाद्या ओवीचा पाठ ठरवताना ती कोणत्या हाताने, कोणत्या वळणात, समासात की ओळीत लिहिली आहे, हे सांगितल्याशिवाय विवेचन पूर्ण समजू नये. असे केल्याने मराठी संहिता चिनी लेखनपट होणार नाही, आणि तशी गरजही नाही. मात्र आपल्या परंपरेने हात का पुसला आणि कुठे पुसला नाही, हे त्यातून कळू शकेल. ते कळेपर्यंत यादवकाळाविषयीची आपली वाङ्मयीन विधाने चारठाण्याच्या दगडाइतकी खात्रीची मानता येणार नाहीत.