‘उंबरठा’तील विवाह आणि मातृत्व : स्त्रीवादी अर्थनिर्णयनाची एक मर्यादा

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) हा चित्रपट शांता निसळ ह्यांच्या ‘बेघर’ ह्या कादंबरीवर आधारलेला असून त्याची पटकथा विजय तेंडुलकर ह्यांची आहे. सुलभा महाजन ही विवाहिता वकील पती व लहान मुलगी राणी ह्यांना मागे ठेवून दूरच्या गावी महिला सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून जाते. तेथील भ्रष्ट कारभाराशी झगडून, अखेर राजीनामा देऊन परतते. आणि पतीचे परस्त्रीशी संबंध जडले असल्याचे कळल्यावर पुन्हा घर सोडते. ह्या शेवटाचा अर्थ लावताना स्त्रीवादी दृष्टीच्या दोन परस्परविरोधी भूमिका संभवतात.

पहिल्या भूमिकेनुसार सुलभेचे प्रयाण ही स्त्रीच्या आत्मप्रत्ययाची परिणती होय. कादंबरीचे ‘बेघर’ हे नाव निराधारपणाचे सूचक, तर ‘उंबरठा’ हे ओलांडण्याचे. ह्या नामांतरातच ह्या भूमिकेस आधार सापडतो. दुसरी भूमिका साशंक आहे. पतीचा व्यभिचार दाखवून पटकथेने नायिकेचे जाणे निर्दोष ठरविले. पती एकनिष्ठ राहिला असता तर तिला जाण्याचा अधिकार उरला असता काय, असा तिचा प्रश्न आहे. शिवाय सुधारगृहातील अनाथ, परित्यक्ता स्त्रियांची दुःखे एका सुस्थित स्त्रीच्या विकासाची केवळ पार्श्वभूमी ठरतात, असाही तिचा आक्षेप आहे.

दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. परंतु विवाह व मातृत्व ही एकाच बंधनाची दोन नावे होत, हे दोघींनीही गृहीत धरले आहे. चित्रपट मात्र ह्या दोहोंची फारकत करतो. विवाह तुटतो तो एका संभाषणात, पतीच्या कबुलीने. मातृत्व तसे तुटत नाही. ते हळूहळू हस्तांतरित होते. सुलभेच्या अनुपस्थितीत राणीचा सांभाळ जाऊ करते, आणि सुलभा परतते तेव्हा मुलगी तिला दुरावलेली असते. ह्या दुराव्यास कोणाचाही अपराध कारण नाही. रोजचे जेवूखाऊ घालणे ज्या हातांनी झाले, त्या हातांकडे मूल वळले, इतकेच. सुलभेचे स्वातंत्र्य जावेच्या ज्या श्रमांवर उभे आहे, त्यांचा हिशेब दोन्ही भूमिकांत कोठेही मांडला जात नाही.

नायिकेची भूमिका करणाऱ्या स्मिता पाटील ह्यांचे घराणे शिरपूरचे; नंदुरबार जिल्हाही १ जुलै १९९८ पर्यंत त्याच धुळे जिल्ह्याचा भाग होता. साहजिकच ह्या भागातील अभ्यासकांना चित्रपटाविषयी आपुलकी आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असलेल्या ह्या जिल्ह्यात ‘उंबरठा’ ह्या प्रतिमेची कसोटी लागते. भिल्ल व पावरा समाजांत वरपक्ष वधूपक्षास देज देतो. न पटल्यास स्त्रीने नवरा सोडून दुसरे घर करणे, देजाचा व्यवहार मिटला की, रूढीस मान्य असते. म्हणजे जो क्षण चित्रपटात बंडाचा आहे, तो येथे पंचांपुढील तडजोडीचा असू शकतो. मुले मात्र बहुधा पित्याच्या कुळाची मानली जातात. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी स्त्री तर तान्हे मूल बरोबरच नेते. घर आणि काम ह्यांमध्ये तिच्यासाठी उंबरठाच नसतो. विवाहातून बाहेर पडण्याची वाट तुलनेने मोकळी असली, तरी मुलाचे काय, हा प्रश्न सुटत नाही, हेच ह्यावरून दिसते.

मुलाचा प्रश्न उपस्थित करणे म्हणजे मातेलाच पुन्हा दोषी ठरविणे होय, अशी हरकत येथे घेतली जाईल. ती योग्य ठरली असती, जर तो प्रश्न केवळ सुलभेस विचारावयाचा असता. वस्तुतः राणीचा पिता त्याच घरात राहतो. तरीही मुलीचा सांभाळ त्याने करावा, असे घरात कोणी अपेक्षित नाही. सुलभा गेली तेव्हा सर्वांनी तिला जाब विचारला. सुभाषला पिता म्हणून कोणी काहीच विचारले नाही. चित्रपटात दिसणारी ही शांतता समीक्षेतही तशीच राहिली, तर अधीक्षिकेच्या धैर्याचे कौतुक होत राहील आणि जावेचे श्रम घरातल्याप्रमाणेच लेखातही अदृश्य राहतील. ‘उंबरठा’चे पुढील वाचन जाणाऱ्या स्त्रीबरोबरच मागे राहिलेल्या स्त्रीकडे व घरात असूनही मोकळ्या राहिलेल्या पुरुषाकडे पाहून व्हावयास हवे.