पहिल्या प्रकरणांतील घर

आपल्याकडील कोणत्याहि कर्त्या पुरुषाचें चरित्र वाचावयास घ्यावें, त्याचें पहिलें प्रकरण बहुधा एकाच ठशाचें आढळतें. घरची गरिबी, वडीलधाऱ्यांचा अकालीं वियोग, कंदिलाच्या उजेडांतील अभ्यास, फीसाठीं केलेली धडपड. आणि शेवटीं, या हालअपेष्टांनींच त्यांना घडविलें, असा लेखकाचा निर्वाळा. दुसऱ्या प्रकरणापासून चरित्रनायक मोठा होऊं लागतो आणि मागें पडलेलें घर पुन्हां दिसत नाहीं. हा निर्वाळा आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो खरा आहे काय, हें विचारावयाचें राहूनच जातें.

हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगांव ज्या सेनगांव तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील कडोळी येथें ११ ऑक्टोबर १९१६ रोजीं नानाजी देशमुख जन्मले. आईबाप लहानपणींच गेले, मामांच्या आश्रयानें ते वाढले, आणि शिक्षणाच्या खर्चासाठीं त्यांनीं भाजी विकली. तो मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. मराठी खेड्यांतील पोरक्या मुलाला उच्च शिक्षणाची वाट किती अवघड असेल, हें यावरून समजावें. नानाजी राजस्थानांत पिलानीपर्यंत जाऊन शिकले. उत्तर आयुष्यांत राजकारण सोडून ते ग्रामसेवेकडे वळले. चित्रकूटच्या ग्रामोदय विश्वविद्यालयाचे ते संस्थापक. २०१० सालीं त्यांचें निधन झालें व २०१९ सालीं त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालें. त्यांच्या राजकीय मतांविषयीं वाचकांत दुमत असूं शकेल. परंतु गोरेगांवच्या बाजूच्या मुलांपुढें या बालपणाचा दाखला ठेवला जावा, यांत नवल नाहीं.

नवल वाटतें तें आपल्या चरित्रलेखनाच्या रीतीचें. अशा चरित्रलेखांत भाजी विकल्याचें वाक्य ठळकपणें येतें. मामांचें घर मात्र अर्ध्या वाक्यांत उरकतें. त्या घरांत मुलाला कोणी जवळ घेतलें, त्याच्या शाळेची काळजी कोणी वाहिली, त्याला आश्रिताप्रमाणें वागविलें कीं घरच्याप्रमाणें, हें कोणी पुसत नाहीं. फीसाठीं राबणारीं मुलें त्या काळीं मराठवाड्यांत थोडीं नसतील. सगळींच कांहीं पिलानीला पोंचलीं नाहींत. कष्टांनीं माणूस घडतो असें म्हणतांना आपण एक गोष्ट विसरतों : ज्यांना कष्टांनीं मोडलें, त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. कष्टांच्या बाजूनें साक्ष देणारे तेवढेच आपल्यापुढें येतात.

याचें उत्तर चरित्रांपेक्षां आपल्या आत्मपर वाङ्मयांत अधिक सांपडतें. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘श्यामची आई’ गरिबीचें पुस्तक म्हणून ओळखलें जातें. खरें पाहतां त्यांत गरिबी ही पार्श्वभूमि आहे. तळव्यांना माती लागूं नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलाला मनाच्या स्वच्छतेची आठवण करून देणारी, आणि पोहण्याच्या भीतीनें लपून बसलेल्या त्याच मुलाला मार देऊन पाण्याकडे पाठविणारी आई हा त्याचा गाभा आहे. श्यामला घडविलें तें उणिवांनीं नव्हे. त्या उणिवांचा अर्थ शेजारीं बसून सांगणाऱ्या माणसानें घडविलें. मात्र पुस्तकाची एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. तेहतीस वर्षांच्या बंदिवानानें आठविलेलें हें घर आहे. त्यांतील प्रत्येक दुःखाला शेवटीं बोध चिकटतो. ज्या दुःखाला बोध नसतो, त्याला येथें जागा नाहीं.

ती जागा लक्ष्मीबाई टिळकांनीं दिली. १९३४ पासून भागशः निघालेल्या ‘स्मृतिचित्रां’तलें माहेर हें छळाचेंच घर आहे. १८५७ च्या धामधुमींत आजोबांना फांशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोंवळ्याचें वेड लागलें, आणि घरांत येणारी जिन्नस न् जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. या घरानें मुलीला काय शिकविलें, असा प्रश्न लेखिका विचारीतच नाहीं. ती तें वेड हंसत हंसत सांगते. पण त्या हंसण्यानें भीति झांकली जात नाहीं. पुढें १८९५ सालीं पतीनें ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १९०० सालीं तिनेंहि. सोंवळ्यांत वाढलेली ही स्त्री सोंवळें कसें पायरीपायरीनें सोडते, हें वाचतांना कळतें कीं, घर माणसाला घडवितें तें कधीं कधीं विरोधानेंहि.

आणि दया पवारांचें ‘बलुतं’! १९७८ सालच्या या पुस्तकांत सुशिक्षित दया पवार आणि त्याच्याच आंतला दगडू एकमेकांसमोर बसतात. मुंबईचा कावाखाना आणि गांवचा महारवाडा यांतून निघालेला हा माणूस ‘मी यांतून वर आलों’ अशी फुशारकी मारीत नाहीं. तो वर आला आहे, पण जखम बरोबर आली आहे. कष्टांनीं माणूस घडतो या सुभाषिताला इतकें प्रामाणिक उत्तर मराठींत क्वचितच दिलें गेलें असेल. जातीनें लादलेल्या दैन्याला गुरु म्हणणें हा त्या दैन्याला दिलेला आश्रयच होय, हें येथें उमगतें.

हा केवळ वाङ्मयाचा वाद नाहीं. पहिलें प्रकरण आपण जसें वाचतों, तसे आपण घरींदारीं वागतों. सुखवस्तु आईबाप मुलाला म्हणतात, तुला हाल ठाऊक नाहींत, म्हणून तुझें कांहीं होणार नाहीं. आणि कामाला आलेल्या बाईच्या मुलाकडे पाहून म्हणतात, हाल सोसतोय, पुढें येईल. दोन्हीं वाक्यें आपली जबाबदारी टाळण्याचीं आहेत. मराठवाड्यांतील कित्येक मुलें आजहि ऊसतोडीच्या हंगामांत शाळा सोडून आईबापांबरोबर जातात. कारखान्याच्या परिसरांतली कोपी हेंच त्यांचें बालपणचें घर होय. त्यांतला एखादा उद्यां थोर होईल, आणि त्याचा चरित्रकार कोपीचे आभार मानील. ते आभार खोटे असतील. आभार मानावयाचेच तर, कोपींत रात्रीं त्याच्याजवळ बसून पाटी पुसून देणाऱ्या आईचे मानावे, आणि बाकीच्या कोप्यांचें काय झालें, तेंहि त्याच प्रकरणांत लिहावें.