श्रीमंत मोजायचे कसे? ‘बिलियनेर राज’ पेपर वाचताना

सुरुवात एका छोट्या गणिताने करू. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात (पुढे एचसीईएस म्हणेन) शहरी भागातल्या सगळ्यात वरच्या ५ टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च सरासरी २०,८२४ रुपये आला. जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा, मेसचा डबा खाणारा एखादा जेआरएफवाला महिन्याला २१ हजार खर्च करत असेल, तर तो शहरी भारताच्या वरच्या ५ टक्क्यांच्या सरासरीच्याही पुढे गेला. आता हा आकडा दरडोई आहे, त्यात घरातली लहान मुलंही मोजली जातात, त्यामुळे चौघांच्या घराला साधारण ८३ हजार होतात. तरीसुद्धा. मलबार हिल, जुहू, दक्षिण दिल्ली, गुरुग्राम, बंगळुरूचे व्हिला, हे सगळं ज्या ५ टक्क्यांत यायला हवं त्यांची सरासरी ही.

यातून निष्कर्ष दोनच निघू शकतात. एक, आपल्याकडे श्रीमंत फारसे नाहीतच. दोन, ते आहेत, पण सर्वेक्षणाच्या जाळ्यात आले नाहीत.

माझं स्वतःचं काम कोयना भागातल्या भूकंपांच्या आकडेवारीवर आहे, अर्थशास्त्र हा माझा विषय नाही. पण भूकंपवाल्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात की कॅटलॉग कधीच पूर्ण नसतो. लहान धक्के यंत्राला कळत नाहीत, म्हणून ज्या मर्यादेखाली नोंदी अपुऱ्या आहेत ती मर्यादा आधी ठरवायची आणि मगच आलेख काढायचा. श्रीमंतीच्या आकडेवारीत नेमकं उलटं घडतं. इथे मोठे धक्केच नोंदीतून निसटतात. म्हणून हा पेपर मला वाचावासा वाटला, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने, शाखा कुठलीही असो, तो वाचावा असं वाटतं.

पेपरआधी सर्वेक्षणाबद्दल थोडं. श्रीमंत निसटतात हे सर्वेक्षण करणाऱ्यांना माहीत नाही असं समजू नका. २,६१,७४६ घरांच्या या सर्वेक्षणात शहरी घरांचे थर गाडीवरून पाडले होते आणि रेष होती दहा लाखांच्या किमतीची. कल्पना वाईट नाही. पण गाडी आहे हे कळायला आधी दारापर्यंत पोचावं लागतं. मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन, मग इंटरकॉम, मग ‘साहेब घरी नाहीत’. पुढे प्रश्नावली भरून घेणाऱ्याला जे सांगितलं जातं ते फक्त घरखर्चाचं. कंपनीच्या नावावरची गाडी, कंपनीच्या खात्यातला विमानप्रवास, कंपनीचाच ड्रायव्हर, हे घरखर्चात येतच नाही. आणि श्रीमंत माणूस मुळात मिळकतीचा लहान हिस्साच खर्च करतो, बाकीचा गुंतवतो. गरिबाचा खर्च म्हणजे जवळजवळ त्याचं उत्पन्न. श्रीमंताचा खर्च म्हणजे हिमनगाचं टोकही नाही.

एक बारकावा तर माझ्या फार आवडीचा आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार घरातच राहणारा नोकर हा त्या कुटुंबाचा सदस्य धरला जातो. समजा चौघांचं कुटुंब महिन्याला ४,२०,००० रुपये खर्च करतं. दरडोई झाले १,०५,०००. त्यांच्याकडे तीन जण राहून काम करत असतील तर भागाकार सातने होतो आणि दरडोई खर्च ६०,००० वर येतो. मालकाची श्रीमंती कागदावर उतरली आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत झोपणारी मावशी देशातल्या सगळ्यात वरच्या ५ टक्क्यांत जाऊन बसली! व्याख्येत चूक नाही. एकत्र राहणं आणि एका चुलीवर जेवणं यावरून कुटुंब ठरवायचं म्हटलं की असंच होणार. पण ही व्याख्या गरीब आणि मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढे ठेवून केली आहे, हे लगेच कळतं.

हे सगळं किस्से म्हणून सांगत नाहीये. जागतिक बँकेच्या एप्रिल २०२५ च्या टिपणात भारताचा उपभोगावर आधारित जिनी २०११-१२ मधल्या २८.८ वरून २०२२-२३ मध्ये २५.५ वर आल्याचं दिलं होतं. जुलैमध्ये सरकारी प्रसिद्धीपत्रकात त्यावरून भारत जगातला चौथा सर्वात समान देश ठरला. तुलनेला अमेरिका ४१.८, चीन ३५.७. गोम अशी की बऱ्याच देशांचा जिनी उत्पन्नावरून काढलेला असतो आणि आपला खर्चावरून. खर्चातली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा नेहमीच कमी दिसते. त्याच टिपणात बँकेने विषमता कमी मोजली गेली असण्याची शक्यता लिहिली होती आणि शेजारीच दुसरा आकडा दिला होता: उत्पन्नाचा जिनी २००४ मध्ये ५२, तर २०२३ मध्ये ६२. एकाच परिच्छेदातलं अर्धं वाक्य उचललं की काय होतं, याचा हा नमुना. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कुणाचा जिनी टाकताय ते दोनदा बघा.

आता पेपर. नितीन कुमार भारती, लुकास शांसेल, थोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांचा, वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबने मार्च २०२४ मध्ये काढलेला. भारतातली उत्पन्न आणि संपत्तीची विषमता १९२२ ते २०२३, आणि उपशीर्षक ‘बिलियनेर राजचा उदय’. १९२२ का, तर त्या साली आयकर कायदा आला आणि कर भरणाऱ्यांचे उत्पन्नगटानुसार तक्ते मिळू लागले. तळाचे लोक सर्वेक्षणातून घ्यायचे, वरचे करविवरणपत्रांतून, आणि दोन्ही तुकडे जोडायचे, ही त्यांची रीत. २००० च्या सुमाराला सरकारने हे तक्ते छापणं बंद केलं होतं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं, तेही २०११-१२ पासूनचे. म्हणजे ज्या दशकात भारतातला श्रीमंत वर्ग सगळ्यात झपाट्याने वाढला, नेमक्या त्याच दशकात कॅमेरा बंद होता.

निष्कर्ष तुम्ही बातम्यांत वाचला असेल: २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्क्याकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा. पेपर वाचताना अशा वाक्यावर मान डोलवू नका, पाठीमागच्या कोऱ्या पानावर हिशोब करा. वरच्या १ टक्क्यात येण्याची किमान पातळी ते वर्षाला २०.७ लाख सांगतात, आणि त्या गटाची सरासरी ५३ लाख. भागाकार २.५६. वरचं टोक पारेटोच्या नियमाने चालतं असं मानलं, तर या भागाकारावरून घातांक अल्फा निघतो: २.५६ भागिले १.५६, म्हणजे १.६४. (पारेटोनेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा नियम करांच्याच तक्त्यांवरून काढला होता.) आता हाच अल्फा घेऊन वर चढा. लाखात एक माणूस घ्या, म्हणजे ९२ कोटी प्रौढांतले वरचे सुमारे ९,२०० जण. किमान पातळी येते साधारण १४ कोटी आणि सरासरी ३६ कोटी. पेपरमधली सरासरी आहे ४८ कोटींच्या आसपास. फार लांब नाही, पण खरं शेपूट साध्या पारेटोपेक्षा जाड आहे. वरच्या १० टक्क्यांसाठी हेच करून बघा. किमान पातळी २.९ लाख, सरासरी साधारण साडेतेरा लाख, अल्फा १.२७ च्या आसपास येईल. एकच घातांक सगळीकडे चालत नाही हे तुम्हाला पाच मिनिटांत कळलं, आणि लेखकांना जोडकाम का करावं लागलं तेही.

माझा मुख्य आक्षेप शीर्षकावर आहे. वर्षाला २०.७ लाख म्हणजे कोण? विद्यापीठात सातव्या वेतन आयोगानुसार प्रोफेसरचं मूळ वेतन १,४४,२०० रुपयांपासून सुरू होतं. ३८ टक्के महागाई भत्ता धरला तर वर्षाचे जवळजवळ २४ लाख. म्हणजे तुमचे गाईड प्रोफेसर असतील तर ते वरच्या १ टक्क्यात आहेत. (त्यांना हे सांगायची घाई करू नका.) या गटात ९२ लाख माणसं येतात, त्याच पेपरमध्ये अब्जाधीश आहेत १६२. किमान पातळीवरचा माणूस आणि लाखात एक असलेल्यांची सरासरी यांत २३० पटींचं अंतर आहे. एकाला गृहकर्जाचा हप्ता आहे, दुसऱ्याला बँका शोधत येतात. मग ‘१ टक्का’ म्हणून काढलेला आकडा ‘बिलियनेर राज’च्या पाटीखाली लावणं मला पटत नाही. पाटी आकर्षक आहे खरी. जेम्स क्रॅबट्री यांच्या २०१८ च्या पुस्तकाचं नावही तेच आहे. पण ते पत्रकाराचं पुस्तक आहे, त्याला ते शोभतं. पेपरमध्ये वेगवेगळ्या टक्क्यांचे तक्ते आहेत, ते प्रामाणिकपणे दिलेत, भारतातली आर्थिक आकडेवारी खालावत चालली आहे हेही लेखक स्पष्ट म्हणतात. शीर्षकाने मात्र वाचकाला आधीच एका बाजूला ओढलं.

संपत्तीचा भाग उत्पन्नाच्या भागापेक्षा कच्चा आहे, आणि त्यात दोष लेखकांचा कमी. आपल्याकडे वारसा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात. कर गेला की नोंदही जाते. उरतं काय, तर कर्ज आणि गुंतवणूक सर्वेक्षण, शेवटचं २०१८-१९ चं, आणि फोर्ब्ससारख्या याद्या, ज्यात प्रवर्तकांचे शेअर्स बाजारभावाने धरलेले. शेअर्स दिसतात, नातेवाइकांच्या नावावरची जमीन दिसत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे तोही दरवाजा उघडाच. अशा कच्च्या मालावरून आलेला ४०.१ हा आकडा बातम्यांत एका दशांशासकट फिरला, पुढेमागे कुठलीही मर्यादा न लावता. आमच्या प्रयोगशाळेत एरर बार नसलेला आलेख कुणी दाखवला तर सेमिनार तिथेच थांबतो.

बरं, आकडे बाजूला ठेवले तर या लोकांच्या जगण्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? फार थोडं. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा नेडर यांनी १९७२ मध्येच सहकाऱ्यांना विचारलं होतं की आपण कायम गरिबांचाच अभ्यास का करतो, वरच्यांचा का नाही. उत्तर सोपं आहे: वस्तीत संशोधकाला चहा मिळतो, टॉवरमध्ये व्हिजिटर पास लागतो. त्यामुळे पारुल भंडारी यांचं दिल्लीतल्या श्रीमंत स्त्रियांवरचं २०१९ चं पुस्तक मला मोलाचं वाटतं. पैसा घरात कसा वावरतो, कुणाच्या हातातून जातो, कुणाला त्याचा हिशोब द्यावा लागतो, हे असल्या कामातूनच कळतं. अल्फा ते सांगू शकत नाही.

तुम्हाला या विषयात हात घालायचा असेल तर एक साधन सगळ्यांना खुलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांपासून निवडणुकीच्या उमेदवाराला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आता त्यात मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्नही असतं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या राम सिंग यांनी अशी प्रतिज्ञापत्रं आणि श्रीमंतांच्या याद्या घेऊन दाखवलं की कुटुंब जितकं श्रीमंत, तितकं संपत्तीच्या प्रमाणात जाहीर केलेलं उत्पन्न कमी. उमेदवार म्हणजे श्रीमंत वर्गाचा नमुना नव्हे, हे धरूनच चालायचं, आणि जमिनीची चालू किंमत तिथे उमेदवारच लिहितो. पण गट नंबर किंवा सर्व्हे नंबर दिलेला असतो, आणि महाराष्ट्रात रेडी रेकनरचे दर ऑनलाइन मिळतात. आपल्या मतदारसंघातले चार उमेदवार घ्या, दोन्ही किमती शेजारी मांडा आणि गुणोत्तर काढा. एक रविवार पुरतो.