कंसातील नावे

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सणसवाडी हे गाव आज कारखान्यांमुळे ओळखले जाते. परंतु त्याच्या दोन्ही बाजूंना, एका दिवसात पाहून होतील असे, इंग्रजी अमदानीच्या आरंभीचे दोन दगड उभे आहेत. नगरच्या बाजूला शिरूर, म्हणजे घोडनदी, येथे कर्नल विल्यम वॉलेस याची कबर आहे. हा अधिकारी १८०९ मध्ये वारला. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने अशी नोंद केली आहे की, आसपासचे लोक त्याला सत्पुरुष मानीत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीपुढे ठेवीत. पुण्याच्या बाजूला, भीमेच्या पलीकडे पेरणे गावाच्या हद्दीत, १ जानेवारी १८१८ रोजीच्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आहे. त्याचा पाया १८२१ मध्ये घातला गेला. त्यावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. म्हणजे ते शिपाई महार होते.

दगड नाव जपतो, नाते जपत नाही. वॉलेसचा वंश कोणता, त्या बावीस शिपायांमागे कोणाचे घर उघडे पडले, हे दगडाला विचारून कळत नाही. त्यासाठी कागदाकडे वळावे लागते, आणि कागद म्हटला की मुख्यतः दोन प्रकार समोर येतात : मृत्युपत्र आणि जमिनीचे दप्तर. या दोन साधनांवरून वसाहतकाळातील घराण्यांचे वंशवृक्ष रचण्याचे काम अलीकडे पुष्कळ झाले आहे. त्यातील दोन गाजलेल्या ग्रंथांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न एकच आहे. मालमत्तेच्या कागदांवरून रचलेला वंशवृक्ष कुटुंबाचा असतो, की मालमत्तेचा?

प्रथम साधनांविषयी. ईस्ट इंडिया कंपनीचा एखादा अधिकारी हिंदुस्थानात मृत्यू पावला की त्याचे मृत्युपत्र त्या त्या इलाख्याच्या न्यायालयात प्रोबेटसाठी जाई. मुंबई इलाख्यात हे काम आधी मेयरच्या कोर्टाकडे, १७९८ पासून रेकॉर्डरच्या कोर्टाकडे आणि नंतर सुप्रीम कोर्टाकडे होते. या मृत्युपत्रांच्या नकला लंडनला पाठविल्या जात. त्यांबरोबर मृताच्या सामानाची यादी आणि लिलावाचा हिशेबही असे. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कोणाला घोडा दिला, कोणाला घड्याळ, कोणत्या नोकराचा पगार थकला होता, हे सारे त्यांत वाचावयास मिळते. मनुष्य मरणाच्या छायेत लिहितो तेव्हा त्याला ज्यांची चिंता वाटते त्यांची नावे कागदावर येतात. म्हणून हे साधन मोलाचे.

जमिनीचे दप्तर याहून निराळ्या स्वभावाचे आहे. त्याला मरणाची चिंता नाही, साऱ्याची आहे. पेशव्यांचे दप्तर, १८५२ च्या कायद्याने बसविलेल्या इनाम कमिशनच्या चौकशा, पुणे जिल्ह्यात इंदापूरपासून १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेली मोजणी, आणि १९०३ च्या कायद्याने आलेला हक्कनोंदीचा कागद, अशी ही परंपरा आजच्या सातबारापर्यंत येते. तीत नाव येते ते जमीन कोणाकडे आहे आणि सारा कोणी भरावयाचा, हे ठरविण्यासाठी. मृत्युपत्र एका माणसाच्या एका क्षणाचे असते, तर दप्तर पिढ्यान्पिढ्या चालते. दोन्ही शेजारी ठेवली म्हणजे वंशावळीचा सांगाडा उभा राहतो. त्यात प्राण आहे की नाही, हा पुढचा प्रश्न.

आता ग्रंथांकडे येऊ. विल्यम डॅलरिंपल यांचा ‘व्हाइट मुघल्स’ हा ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची मुख्य कथा हैदराबादचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा बेगम यांची आहे. तथापि पुण्याच्या वाचकाला त्यात आपल्या ओळखीचा एक माणूस भेटतो, तो म्हणजे जनरल विल्यम पामर. १७९८ ते १८०१ या काळात तो पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. त्याची कर्कपॅट्रिकशी मैत्री होती व दोघांचा पत्रव्यवहार चाले. संगमावरची ती रेसिडेन्सी १८१७ च्या नोव्हेंबरात जळाली, परंतु पामरचे कुटुंब कागदावर व कापडावर राहिले. १७८५ च्या सुमाराच्या एका चित्रात तो, त्याची सहचारिणी फैज बख्श आणि त्यांची मुले दिसतात. १८१६ मध्ये पामर वारला. आपल्या मृत्युपत्रात त्याने फैजचे पूर्ण नाव घातले आणि पस्तीस वर्षांहून अधिक काळची आपली स्नेही व सहचारिणी असा तिचा उल्लेख केला. पत्नी मात्र म्हटले नाही.

कर्कपॅट्रिक १८०५ मध्ये कलकत्त्यास वारला. त्याच्या मृत्युपत्रातही खैरुन्निसेचे नाव स्पष्ट आहे. तिच्याकडे जहागिरी व अन्य मालमत्ता पुरेशी असल्यामुळे वेगळी तरतूद करण्याची गरज नाही, तरी प्रेमाची खूण म्हणून काही रक्कम ठेवीत आहोत, असा त्याचा आशय आहे. येथे मृत्युपत्र आणि जमीन एकमेकांना भेटतात. तिचे नाव टिकले त्याचे एक कारण प्रेम असेल, पण दुसरे कारण जहागीर आहे. तिच्या घराला दरबारात स्थान होते, म्हणून तिच्याविषयी पत्रे लिहिली गेली, चौकशा झाल्या आणि कागद साठले. दोन्ही मुले १८०५ मध्येच विलायतेस पाठविली गेली होती. १८०६ च्या मार्चमध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि साहेब आलम व साहेब बेगम यांची विल्यम जॉर्ज व कॅथरीन ऑरोरा झाली. आईने त्यांना पुन्हा पाहिले नाही.

डॅलरिंपल यांची लेखणी अशा ठिकाणी खुलते. कोरड्या कागदातून माणसाचा चेहरा उभा करण्याचे त्यांचे सामर्थ्य निःसंशय मोठे आहे. परंतु समीक्षकाने येथेच थोडे थांबावयास हवे. ते एक हिशेब देतात : कंपनीच्या नोकरांच्या मृत्युपत्रांपैकी १७८० ते १७८५ या काळात तीनांत एकामध्ये हिंदुस्थानी सहचारिणीचा उल्लेख आढळतो, १८०५ ते १८१० मध्ये चारांत एक, १८३० पर्यंत सहांत एक, आणि शतकाच्या मध्यापर्यंत हा उल्लेख जवळजवळ नाहीसा होतो. यावरून असे सहजीवनच आटत गेले, असा निष्कर्ष ते काढतात. निष्कर्ष पुष्कळ अंशी खरा असेल. तरीही हा आकडा घरात काय घडत होते याचा नाही, लिहिण्याची लाज किती वाढली याचाही आहे. तीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळलेली बाई घरातून जाण्याआधी कागदातून जाऊ शकते. मृत्युपत्रातील मौनाला अभाव समजणे, ही या साधनावर विसंबणाऱ्याची पहिली चूक होय.

या चुकीवर नेमके बोट ठेवणारा दुसरा ग्रंथ म्हणजे दुर्बा घोष यांचा ‘सेक्स अँड द फॅमिली इन कलोनियल इंडिया’. तो २००६ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. त्यांनीही तशीच मृत्युपत्रे, चर्चच्या नोंदवह्या व न्यायालयीन कागद वाचले. पण त्यांचे लक्ष बेगमांपेक्षा बिननावाच्या स्त्रियांकडे आहे. कोठे ‘माझी बीबी’, कोठे ‘माझ्या मुलाची आई’, कोठे घरकाम करणारी एखादी मुलगी, एवढ्याच शब्दांत त्या येतात. कधी अर्धे नाव, कधी मालकाने ठेवलेले नाव. घोष यांचे म्हणणे असे की, ही नावे चुकून राहिली नाहीत. नाव न घालणे हाच त्या व्यवहाराचा एक भाग होता, कारण नाव आले की हक्क येतो. एका वाक्यात सांगावयाचे तर, डॅलरिंपल कागदात सापडलेल्या माणसावर प्रेम करतात आणि घोष कागदावर संशय घेतात.

दोहोंत श्रेष्ठ कोणता? कथनाच्या दृष्टीने पहिला, यात वाद नाही. घोष यांचे पुस्तक वाचकाला श्रमविते, आणि शेवटी त्यातील एखादी स्त्री आपल्या मनात घर करून राहते असे म्हणवत नाही. तरीदेखील ज्याला स्वतः वंशवृक्ष रचावयाचा आहे, त्याने आधी दुसरा वाचावा असे माझे मत आहे. पहिल्या ग्रंथाने आपण ज्यांची नावे उरली त्यांच्याविषयी हळवे होतो. दुसऱ्याने ज्यांची नावे उरली नाहीत त्यांना शोधावयास लागतो. वंशावळ लिहिणाऱ्याला हळवेपणापेक्षा हा शोध अधिक उपयोगी पडतो.

कोणी म्हणेल, साहेबांच्या घरातील या गोष्टी आपल्याला कशाला? म्हणून पुन्हा सणसवाडीच्या रस्त्यावर येऊ. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव हा पट्टा कारखान्यांचा झाला आणि जिराईत जमिनीला मोल आले. मोल आले की दप्तर उघडते. बाप वारल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते व त्या फेरफारात मुलांबरोबर मुलींचीही नावे लागतात. पुष्कळदा त्यामागोमाग दुसरा फेरफार येतो : बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिले. मग सातबारावर त्यांच्या नावांना कंस होतो. गावात ‘नावाला कंस केला’ असे सहज म्हणतात. म्हणजे बहीण दप्तरात येते ती बहुधा बाहेर जाण्यासाठीच. एखादा नातू पुढे या कागदांवरून घराण्याचा वृक्ष काढील तेव्हा चालू उताऱ्यावर त्याला फक्त भाऊच दिसतील. आत्या होती, हे त्याला कळावयाचे तर त्याने जुने फेरफार काढून कंसातील नाव वाचले पाहिजे.

येथे पामरची फैज आणि आपली आत्या एकाच ओळीत येऊन बसतात. ख्रिस्ती कुटुंबांना तर या बाबतीत सबब नाही. १९२५ चा भारतीय वारसा कायदा आपल्याला लागू आहे. त्यात मृत्युपत्र नसताना विधवेला एकतृतीयांश आणि मुलांना दोनतृतीयांश वाटा आहे, व मुलगा-मुलगी असा भेद नाही. कायद्याने समान केलेले नाव कंसात जाते ते मायेने, संकोचाने किंवा भावांच्या रेट्याने. कारण कोणतेही असो, वंशवृक्षातील फांदी तुटते.

आपल्या अनेक घराण्यांपुढे याहून मोठी अडचण आहे. नगर व पुणे जिल्ह्यांतील कित्येक कॅथलिक कुटुंबांच्या पूर्वजांपाशी मृत्युपत्र करण्याजोगे काही नव्हते, आणि जमीन होती ती वतनाची, सेवेच्या मोबदल्यातली. डॉ. आंबेडकरांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी १९२८ मध्ये विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. स्तंभावरील बावीस नावांचे वारस शोधणाऱ्याला साहेबांच्या मृत्युपत्रांसारखा जाड पुडका मिळणार नाही. मग अशा घराण्यांना इतिहास नाही काय?

आहे, आणि तो धर्मग्रामाच्या कपाटात आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने विवाहांची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा व मृत्यू यांच्या नोंदींचे नमुने घालून दिले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाबरोबर आईचे नाव लागते, आणि धर्ममाता-धर्मपित्याचेही. शेत असो वा नसो, मूल मुलगा असो वा मुलगी, रकाने तेच. सातबारा विचारतो, तुझ्याकडे काय आहे. ही नोंदवही विचारते, तू कोणाचे आहेस. मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ दिली तेव्हा तीत तामार, राहाब व रूथ यांची नावे ठेवली. चौथीचे नाव न घालता तिला उरियाची स्त्री म्हटले, पण गाळले नाही. गैरसोयीच्या स्त्रिया वगळून ती वंशावळ अधिक नीटनेटकी झाली असती.

अर्थात नोंदवहीही निर्दोष नाही. नवे नाव देताना तिने पुष्कळदा जुने पुसले. परदेशी धर्मगुरूंनी गावांची व माणसांची नावे आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिली. साहेब बेगमची कॅथरीन झाली तेव्हा जे घडले, ते आपल्या एखाद्या आजीच्या बाबतीतही घडले असेल. म्हणून एकाच कागदावर विसंबू नये. मृत्युपत्र, फेरफार आणि बाप्तिस्म्याची नोंद ही तिन्ही शेजारी ठेवावीत आणि एकात असलेले नाव दुसऱ्यात का नाही, असे प्रत्येक वेळी विचारावे. बहुधा घराण्याची खरी गोष्ट त्या फरकातच असते.

महोत्सवी स्मरणिकांतून घराण्यांचे इतिहास छापण्याची आपल्याकडे चांगली प्रथा पडली आहे. त्यांतील वंशवृक्ष पाहावेत तर बहुतेक बापाकडून मुलाकडे उतरतात आणि लेकी लग्नाच्या तारखेला संपतात. पुढचा इतिहास लिहिणाऱ्याने तलाठ्याकडून फक्त चालू उतारा आणू नये. जुने फेरफार मागावेत, आणि त्यांत जी नावे कंसात आढळतील ती कंस काढून वृक्षात लिहावीत.