वृत्तपत्रांतील प्रमाद आणि शुद्धिपत्र

वर्तमानपत्रांच्या जुन्या संचिका इतिहाससंशोधकास दप्तरांइतक्याच उपयोगी पडतात. नागपूरच्या गत शतकाचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यास १९११ सालीं येथें निघालेल्या ‘हितवाद’ या इंग्रजी पत्राचे जुने अंक पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु छापलेली बातमी चुकीची ठरल्यावर संपादकानें काय केलें, हें तपासल्यावांचून तिला प्रमाण मानणें धोक्याचें होय.

१८८२ चें कोल्हापूर प्रकरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाचा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं दिवाण माधवराव बर्वे यांजवर केला. त्याच्या आधारासाठीं जीं पत्रें पुढें आलीं, तीं बनावट ठरलीं. टिळक-आगरकरांनीं दिलगिरी प्रकट केली. तथापि १७ जुलै रोजीं त्यांस चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले.

या प्रकरणाच्या कथनांत तुरुंगवासाचें तेज पुष्कळ, आणि बनावट कागदांची मीमांसा अल्प असते. आमचा आक्षेप येथेंच आहे. १८८३ सालीं महाराजांचा अहमदनगर येथें इंग्रजांच्या देखरेखीखालीं शोचनीय अंत झाला. तेव्हां मूळ संशय खरा होता, मग कागद खोटे असले म्हणून काय बिघडलें, असें कोणी विचारील. न्यायशास्त्राचें उत्तर स्पष्ट आहे. धुक्यास धूर समजून पर्वतावर अग्नीचें अनुमान केलें आणि तेथें योगायोगानें अग्नि सांपडला, तरी तें अनुमान सदोषच राहतें.

दुसरें असें कीं, दिलगिरी आणि शुद्धिपत्र हीं एक नव्हेत. दिलगिरी ही जिची अब्रू गेली त्या व्यक्तीस द्यावयाची असते. शुद्धिपत्र हें वाचकाचें ऋण आहे, व तें कोर्टाची वाट न पाहतां फेडावयाचें असतें. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेंतही, चूक आढळतांच पत्रानें आपण होऊन ती योग्य ठळकपणें दुरुस्त करावी, असेंच सांगितलें आहे. परंतु पहिल्या पृष्ठावरील प्रमादाची दुरुस्ती आंतील कोपऱ्यांत सांपडावी, असें वारंवार घडतें.

आपले पोथीलेखक याहून प्रामाणिक होते. चुकलेल्या अक्षरावर ते हरताळ लावीत. गळलेलें अक्षर काकपदाची खूण करून समासांत लिहीत. दुरुस्ती झाल्याचें वाचकास दिसत असे. आज संकेतस्थळावरील मजकूर मात्र कसलीही खूण न ठेवतां बदलतां येतो, आणि उद्यांच्या संशोधकास मूळ पाठ कोणता हें कळण्याचा मार्गच खुंटतो.

म्हणून शुद्धिपत्रांत काय चुकलें, केव्हां छापलें, खरें काय आणि तें कशावरून कळलें, या चार गोष्टी असाव्यात. हा दंडक संशोधनाच्या नियतकालिकांनीं प्रथम स्वतःस लावावा. मगच वृत्तपत्रांस उपदेश करण्याचा अधिकार आपणांस पोहोंचेल.