'आमच्या' या शब्दातला एकांत

संध्याकाळच्या रोझरीवरून अलीकडे आपल्या कित्येक घरांत एक वाद हळू आवाजात चालू असतो. घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी ध्यानशिबिराला जाऊन आलेली असते. तिथली शांतता त्यांच्या मनात भरलेली असते. मग पन्नास 'नमो मरिये' बारा-पंधरा मिनिटांत आटोपणारी घरची प्रार्थना त्यांना नुसती बडबड वाटू लागते. "खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर असे प्रभूनेच सांगितले आहे ना?" असा त्यांचा प्रश्न असतो. घरातील वडीलधाऱ्यांना त्याचे उत्तर सुचत नाही. आपल्या हातून काहीतरी निसटत आहे एवढेच त्यांना जाणवते. या दोन्ही बाजूंना आम्ही ओळखतो. खरे सांगायचे तर आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर दोन्ही बाजूंनी आम्ही भांडलो आहोत.

या वादात न्यायनिवाडा करण्यासाठी नव्हे, तर त्याची उकल होण्यासाठी आम्ही एका जुन्या ग्रंथाकडे वळत आहोत. आविलाच्या संत तेरेजाचा 'पूर्णत्वाचा मार्ग' हा तो ग्रंथ. चिंतन-प्रार्थनेचा विषय निघाला की तिचा 'अंतरीचा किल्ला' अधिक आठवला जातो. परंतु घरात एकत्र बसून प्रार्थना म्हणणाऱ्या माणसांशी 'पूर्णत्वाचा मार्ग' अधिक जवळून बोलतो, असे आमचे मत आहे.

ग्रंथाचा जन्म कसा झाला हे आधी पाहिले पाहिजे. तेरेजा स्पेनमधील आविला नगरात 'एन्कार्नासिओन' या मोठ्या कार्मेल मठात राहत होती. तिथे शंभराहून अधिक धर्मभगिनी होत्या. श्रीमंत घरच्या भगिनींना वेगळी दालने होती, नावामागे 'दोन्या' ही मानाची उपाधी होती आणि पाहुण्यांची वर्दळ होती. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने त्याच नगरात संत जोसेफच्या नावाने एक लहानसा मठ स्थापन केला. त्यात तेरापेक्षा अधिक भगिनी असू नयेत असा तिचा आग्रह होता. कुणी परके नाही, कुणी मोठे नाही, सगळ्या एकमेकींच्या मैत्रिणी, अशी तिची कल्पना. या भगिनींनी तिला प्रार्थनेविषयी लिहिण्याची गळ घातली आणि दोमिंगो बान्येस या दोमिनिकन धर्मगुरूंच्या संमतीने तिने १५६६ च्या सुमारास लेखणी हातात घेतली. चिंतनाच्या वाटेवरचा हा ग्रंथ एकांतवासी साधकासाठी लिहिलेला नाही. तो एका कुटुंबासाठी लिहिलेला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली नाही तर त्याचे मर्म हाती लागत नाही.

त्या काळाचा दाबही ग्रंथावर आहे. १५५९ साली स्पेनचे मुख्य इन्क्विझिटर फर्नांदो दे वाल्देस यांनी निषिद्ध ग्रंथांची यादी काढली आणि लोकभाषेतील प्रार्थनेची बरीच पुस्तके बंद झाली. लॅटिन न जाणणाऱ्या स्त्रियांच्या हातातली शिदोरीच गेली. स्त्रियांनी अंतर्मुख प्रार्थनेच्या भानगडीत पडू नये, त्यांनी सूत कातावे आणि तोंडी प्रार्थना म्हणाव्यात, असे अनेक विद्वान उघड म्हणत. तेरेजाने या मताशी सरळ झगडा केला नाही. तिने त्याचाच आधार घेतला. आम्हांला तोंडी प्रार्थनाच म्हणायच्या आहेत ना? ठीक. मग प्रभूने शिकवलेली प्रार्थनाच आम्ही नीट म्हणू! पुस्तके काढून घेता येतील, पण ही प्रार्थना कुणी हिरावून घेऊ शकणार नाही, अशा आशयाचे वाक्य तिने पहिल्या मसुद्यात लिहिले. परीक्षक धर्मगुरूंना त्यात इन्क्विझिशनवरचा ठपका दिसला. दुसऱ्या मसुद्यात ते वाक्य नाही. तिच्या हस्ताक्षरातील दोन्ही मसुदे आजही अनुक्रमे एस्कोरियाल आणि वायादोलिद येथे जपून ठेवलेले आहेत.

ग्रंथाच्या दुसऱ्या मसुद्यात बेचाळीस प्रकरणे आहेत. सत्ताविसाव्या प्रकरणापासून शेवटपर्यंत प्रभूच्या प्रार्थनेचे एकेक वचन घेऊन ती चालते. लहान मुलाला येणारी प्रार्थना हाच तिचा चिंतनाचा जिना. मौखिक प्रार्थना आणि मानसिक प्रार्थना अशा दोन वेगळ्या जाती ती मानतच नाही. आपण कोणाशी बोलत आहोत, बोलणारे आपण कोण आणि काय मागत आहोत, याचे भान असेल तर ओठांवरची प्रार्थना मनाचीही झाली. भान नसेल तर ओठ कितीही हलोत, तिला ती प्रार्थना म्हणायला तयार नाही. आमच्या घरच्या वादात तरुणांचा जो खरा मुद्दा आहे, तो तेरेजाने साडेचारशे वर्षांपूर्वीच मान्य करून टाकला आहे. मात्र त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष ती काढत नाही.

तिसाव्या प्रकरणातील एक हकिकत आम्हांला सर्व ग्रंथाचा गाभा वाटते. तेरेजाच्या ओळखीची एक स्त्री होती. तिला तोंडी प्रार्थनेखेरीज काही जमत नसे. मन स्थिर करायला जावे तर ते भरकटे. आपल्याला चिंतन येत नाही या दुःखाने ती तेरेजाकडे आली. तू काय म्हणतेस, असे तेरेजाने विचारले. ती प्रभूची प्रार्थना म्हणत असे, सावकाश, पुन्हा पुन्हा. अधिक विचारपूस करताच तेरेजाच्या ध्यानात आले की ही बाई त्याच शब्दांना धरून देवाशी एकरूप होण्यापर्यंत पोहोचली आहे आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताच नाही. तिच्या त्या तोंडी प्रार्थनेचा आपल्याला हेवा वाटला, असे ही महान संत निःसंकोचपणे लिहून ठेवते. स्वतः तेरेजाला तरी कुठे सहज जमले होते? चौदा वर्षे हातात पुस्तक असल्याशिवाय आपल्याला मनन करता येत नव्हते, अशी कबुली तिने याच ग्रंथात दिली आहे.

हे प्रकरण वाचताना आम्हांला आमची आजी आठवली. तिला अक्षरओळख नव्हती. रोझरीत तिचा स्वर सर्वांच्या मागे एक शब्द रेंगाळत असे आणि आम्ही मुले त्यावर हसत असू. ती मागे का राहत असे, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नाही.

आता खोली आणि दार यांच्या मुद्द्याकडे येऊ. मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात दार लावून प्रार्थना करण्याचा उपदेश सहाव्या ओवीत आहे. आणि अवघ्या तीन ओव्यांनंतर प्रभू जी प्रार्थना शिकवतो तिच्यात 'मी' किंवा 'माझे' हा शब्द एकदाही येत नाही. दार लावून आत गेलेल्या माणसाच्या तोंडी प्रभू 'आमच्या' हा शब्द ठेवतो. लॅटिनमध्ये आणि तेरेजाच्या स्पॅनिशमध्ये 'पिता' हा शब्द आधी येतो. आपल्या मराठीत, आणि कोकणीतही, 'आमच्या' हाच शब्द आधी ओठांवर येतो. शिवाय आपल्या भाषेला 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद ठाऊक आहे. 'आपण' म्हटले की ऐकणारा त्यात येतो. 'आम्ही' म्हटले की तो समोर उभा राहतो. प्रार्थनेत ऐकणारा देव आहे. म्हणून 'आमच्या' म्हणताना तो एकटा त्या बाजूला आणि आपण सारे या बाजूला, एकाच चटईवर बसलेले असतो. प्रश्न एवढाच उरतो की या बाजूला आपण कोणाकोणाला बसू दिले आहे? बांधावरून ज्याच्याशी अबोला आहे तो भाऊ, मनाविरुद्ध घरात आलेली सून, दुसऱ्या समाजाचा म्हणून ज्याच्याकडे सोयरीक नको ते कुटुंब, हे सारे त्या एका शब्दात आहेत की नाहीत?

तेरेजा हा प्रश्न टाळत नाही. सत्ताविसाव्या प्रकरणात पित्याविषयी लिहिता लिहिता ती एकदम कुळाच्या अभिमानावर घसरते. जिचा बाप अधिक थोर तिने त्याचे नाव सर्वांत कमी घ्यावे, या घरात सगळ्या समान आहेत, असे ती बजावते. प्रेषितांमध्ये बार्थोलोम्यू राजपुत्र होता अशी तेव्हा समजूत होती. तरी अधिकार कोळी असलेल्या पेत्राकडे गेला, याची ती आठवण देते. हे केवळ विषयांतर नाही. तेरेजाचे आजोबा ज्यू धर्मातून आलेले होते आणि १४८५ साली तोलेदो येथे इन्क्विझिशनने त्यांना उघड प्रायश्चित्त दिले होते. 'शुद्ध रक्ता'च्या वेडाने पछाडलेल्या समाजात हे गुपित उराशी धरून ती जगली. 'आमचा पिता' या शब्दांनी वंशावळीची सारी बाडे जळून जातात, हे तिने पुस्तकातून शिकलेले नसावे.

छत्तिसाव्या प्रकरणात ती याहून कठोर कसोटी लावते. चिंतनात देवाची भेट झाली असे एखादी म्हणत असेल, आणि तरीही झालेला अपमान माफ करण्याची तयारी तिच्यात दिसत नसेल, तर त्या अनुभवावर फारसा विश्वास ठेवू नये, असा तिचा अभिप्राय आहे. डोळे मिटल्यावर काय दिसले याला तिच्या लेखी फारसे महत्त्व नाही. डोळे उघडल्यावर शेजारी बसलेल्या भगिनीकडे आपण कसे पाहतो, याला आहे. एकांताची परीक्षा समूहात होते. ज्यांना समूह टाळून चिंतन साधायचे आहे त्यांना ही परीक्षा टाळायची नाही ना, एवढे त्यांनी स्वतःला विचारून पाहावे.

ग्रंथाचे दोष झाकण्याचे कारण नाही. रचना विस्कळीत आहे. तेरेजा एक विषय काढते, दुसरीकडे जाते आणि आपण कुठे होतो असे स्वतःलाच विचारते. नातेवाइकांपासून दूर राहण्याविषयीची तिची प्रकरणे बंदिस्त मठातील भगिनींना लागू पडतील. मुलाबाळांच्या संसारात ती जशीच्या तशी घेतली तर अनर्थ होईल. ल्यूथरच्या अनुयायांविषयीचे तिचे उद्गार त्या शतकाच्या कटुतेने भरलेले आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश दिल्यानंतर आपण ते तसे वाचू शकत नाही. आणि ज्याला प्रार्थनेची क्रमवार पद्धत हवी आहे, त्याची येथे निराशा होईल.

पद्धत हवी असणाऱ्यांनी आपल्याकडे दुसरी वाट धरली. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांचे 'साधना' हे पुस्तक १९७८ साली आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाशनाने काढले. त्यातील सरावांनी अनेकांना पहिल्यांदा शांत बसायला शिकवले, हे ऋण मान्य केले पाहिजे. प्रभू आपल्याकडे प्रेमाने पाहत आहे असे मनात आणण्याचा सराव त्यांनी तेरेजाकडूनच घेतला. पुढे त्यांच्या काही लिखाणाविषयी रोमने १९९८ साली सावधगिरीची सूचना दिली. तो येथे आमचा विषय नाही. आमची तक्रार वाचकांविषयी आहे, म्हणजे स्वतःविषयीच. आपण शांततेचा सराव उचलला आणि तेरेजाच्या तेरा जणींचे घर मागे ठेवले.

ख्रिस्तसभेने मात्र हे दोन्ही धागे एकत्र धरलेले दिसतात. ख्रिस्ती ध्यानाच्या काही पैलूंविषयीचे पत्र रोमच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने १९८९ साली काढले ते मुद्दाम १५ ऑक्टोबरला, तेरेजाच्या सणादिवशी. ख्रिस्ती माणूस एकटा प्रार्थना करतो तेव्हाही तो संतांच्या समागमात असतो, असा त्याचा सूर आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने मौखिक प्रार्थना समूहाला सर्वांत सहज जमणारी म्हटली आणि तिलाच चिंतनाची पहिली पायरी मानले. १९७० साली ख्रिस्तसभेच्या आचार्या म्हणून गौरवल्या गेलेल्या तेरेजाची शिकवण येथे ओळखू येते.

मग घरातल्या वादाचे काय? आम्हांला वाटते, तरुणांनी चटई सोडू नये आणि वडीलधाऱ्यांनी घाई सोडावी. रोझरीत प्रत्येक दशकाच्या आरंभी प्रभूची प्रार्थना येते. तिचा पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी सर्वांनी एक श्वासभर थांबावे, भोवतालचे चेहरे पाहावेत, जो तिथे नाही त्याचाही चेहरा आठवावा आणि मग 'आमच्या' म्हणावे. तेरेजाचे म्हणणे असे की आत वळण्याची ही सवय आपल्या हातची आहे. मनापासून प्रयत्न केला तर वर्षभरात, कदाचित सहा महिन्यांतही, ती अंगी बाणते. पाच दशकांना पाच श्वास लागतील. तेवढ्याने रोझरी फार लांबणार नाही.

आमची आजी एक शब्द मागे का राहत असे ते आता थोडेसे कळते. ती बहुधा थांबत होती. आम्हीच पुढे पळत होतो.