चषकांचें कपाट आणि लहान मूल

खेळ चालू नसतांना रिकामें क्रीडांगण पैसे देऊन पाहावयाचें, ही कल्पना आपल्या कुटुंबांत अजून पुरती रुजलेली नाहीं. देऊळ, किल्ला, समुद्र, फार तर राणीची बाग, एवढ्यावर मुलांच्या सहलींची यादी संपते. अलिबाग-रेवदंड्याकडील एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थास हें सांगितलें तर तो हंसेलच. परंतु परदेशीं स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे जाणाऱ्या आईबापांना आतां हा अनुभव अपरिचित राहिलेला नाहीं. मँचेस्टर येथील 'ओल्ड ट्रॅफर्ड' ह्या फुटबॉलच्या मैदानांत क्लबाचें स्वतःचें संग्रहालय १९८६ सालापासून आहे. सहा वर्षांच्या नातवाचें बोट धरून तें पाहण्याचा योग आला. पुस्तकाचें परीक्षण होतें, तसें संग्रहालयाचेंही कां होऊं नये? तेंही कोणीतरी निवडून, वगळून व क्रम लावून रचलेलें असतें. आणि त्याचा सर्वांत निःस्पृह वाचक म्हणजे लहान मूल.

प्रथम चषकांविषयीं. मोठीं माणसें त्या कपाटांपुढें थबकतात, आवाज खालीं आणतात, देवघरांत उभें राहावें तशीं उभीं राहतात. मूल थबकत नाहीं. "आजोबा, एवढ्या मोठ्या पेल्यांतून दूध कोण पितं?" ह्या प्रश्नांत एक मार्मिक टीका आहे. चषक हें निष्पन्न झालेलें फळ. तें कसें पिकलें हें त्या चकचकीत रुप्यावर कोठेंच उमटलेलें नसतें. ज्याला आधींची हकीकत ठाऊक आहे त्यालाच तो चषक बोलतो. बाकीच्यांस तें भांडें.

याउलट खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली, तेथील खुंट्या व त्यांवरील सदरे, आणि तेथून मैदानाकडे जाणारा बोगदा, हा भाग मुलानें अक्षरशः पिऊन घेतला. कोणता खेळाडू कोठें बसतो हें त्यानें पुनःपुन्हां विचारलें. हिरवळीच्या कडेला मात्र पाऊल टाकण्यास मनाई असते. ती योग्यच, पण हिरवळीपर्यंत नेऊन परत फिरविलेल्या मुलाचा चेहरा व्यवस्थापकांनीं एकदां पाहावा.

ह्या वास्तूंतील खरा गंभीर अध्याय निराळाच आहे. बाहेरील भिंतीवर एक घड्याळ आहे. त्यावर ६ फेब्रुवारी १९५८ ही तारीख आणि 'म्युनिक' हें नांव. बेलग्रेडहून परतणारा हा संघ इंधन घेण्यासाठीं म्युनिकला उतरला होता. बर्फाचा चिखल झालेल्या धांवपट्टीवरून विमान तिसऱ्यांदा उडूं पाहत असतां कोसळलें व २३ माणसें गेलीं. त्यांत ८ खेळाडू. डंकन एडवर्ड्‌स हा अवघा २१ वर्षांचा. तो पंधरा दिवस झुंजून मग गेला. हें सारें सहा वर्षांच्या पोराला सांगावें काय? आम्ही सांगितलें. तें रडलें नाहीं. त्यानें विचारलें, "मग पुढची मॅच कोण खेळलं?"

मोठ्यांना हा प्रश्न निर्दय वाटेल. आम्हांस तो सर्वांत समंजस वाटला. कारण त्याला खरेंखुरें उत्तर आहे. पुढचा सामना तेराच दिवसांनीं, १९ फेब्रुवारीस झाला. त्या दिवशींच्या छापील कार्यक्रमपत्रिकेंत मँचेस्टरच्या अकरा खेळाडूंच्या जागा कोऱ्या सोडलेल्या होत्या. छापण्याच्या वेळीं नांवेंच ठरलेलीं नव्हतीं. त्या अकरा कोऱ्या जागा पाहिल्यावाचून १९६८ सालचा युरोपीय चषक समजत नाहीं. त्या अपघातांतून वांचलेले बॉबी चार्लटन व बिल फोक्स हे दोघे त्या अंतिम सामन्यांत खेळले, आणि मरणाच्या दारांतून परत आलेला मॅट बस्बी हाच तेव्हांही त्यांचा व्यवस्थापक होता. संग्रहालयाच्या दृष्टीनें असला एक कोरा कागद शंभर चषकांस भारी आहे.

मुलांना पराभव व मृत्यु दाखवूं नयेत, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मुरुडच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलाला ही सोय नाहीं. त्याच्यासमोर जंजिरा उभा असतो, आणि तो शिवाजीमहाराजांस घेतां आला नाहीं हें त्याला केव्हांतरी सांगावेंच लागतें. त्याच पाण्यांत महाराजांनीं बांधलेला पद्मदुर्गही दिसतो. ह्या दोन किल्ल्यांमधील समुद्र पाहून कोणाही मुलाचा महाराजांविषयींचा आदर उणा झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

दोष सांगावयाचा तर शेवटचा: सारी वाट अखेर दुकानांत उतरते. म्युनिकच्या गांभीर्यानंतर तांबड्या सदऱ्यांच्या किमती वाचणें हा रसभंग आहे. मुलाला मात्र तो तसा वाटला नाहीं, हेंही नमूद करणें न्याय्य होईल.

पण हा क्लब मुळांत कोणाचा होता? १८७८ सालीं न्यूटन हीथ येथें रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कामगारांनीं तो काढला. १९०२ सालीं त्यास आजचें नांव मिळालें. म्हणजे मुंबईच्या फुटबॉलसंघांप्रमाणें हाही एका कंपनीच्या छायेंत जन्मलेला. फरक पुढें पडला. तेथें संघ गांवाचा झाला; आपल्याकडे तो कंपनीचाच राहिला.

मांडव्याहून लाँचनें मुंबईस उतरलें कीं गेटवेपासून कूपरेज मैदान पायीं जाण्याइतकें जवळ आहे. पूर्वीं तेथें पिंपें बनविण्याचा कारखाना होता. इंग्रजी नांवाचा अर्थ तोच. ह्याच मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने गाजले. ही स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली, आणि गोऱ्या पलटणींच्या हातून ती काढून घेणारा पहिला भारतीय संघ, बंगलोर मुस्लिम्स, १९३७ सालीं आला. १९५० ते १९५४ अशीं ओळीनें पांच वर्षें हैदराबादच्या पोलिसांनीं तो चषक जिंकला. १९५८ सालीं तो कॅल्टेक्स ह्या तेलकंपनीच्या मुंबईकर संघाकडे गेला. त्यांचा नेव्हिल डिसोझा हा १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें ऑस्ट्रेलियावर तीन गोल करून आलेला. एवढी सामग्री कोणत्या गांवास लाभते? पण कॅल्टेक्स गेलें, गिरण्या गेल्या. २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० सालीं बंद झाला. रोव्हर्स स्पर्धा तर त्याहीपूर्वीं थांबली. कंपनीनें संघ मिटला कीं त्याच्या आठवणी कोणाच्या हवालीं करावयाच्या, हा प्रश्न कोणी विचारलाच नाहीं. तेथून जवळच वानखेडे मैदानावर २०२५ सालीं क्रिकेटचें संग्रहालय उभें राहिलें. फुटबॉलच्या वांट्याला कूपरेजचें कृत्रिम गवत तेवढें आलें. मँचेस्टरहून परतलेल्या नातवाला तें कुंपणाबाहेरून दाखवितांना सारा इतिहास तोंडी सांगावा लागला, आणि तोंडी इतिहासाला खुंट्या नसतात, बोगदा नसतो.

वस्तु अगदींच नाहींशा झाल्या असतील असें आम्हांस वाटत नाहीं. त्या काळीं खेळलेल्यांचीं मुलें-नातवंडें आहेत. माझगांव, वांद्रें, भायखळा येथील जुन्या घरांत एखाद्या ट्रंकेच्या तळाशीं चामड्याचा बूट किंवा एक आण्याची कार्यक्रमपत्रिका पडलेली असेल. चषकांचें राहूं द्या. ती पत्रिका मागण्यासाठीं कोणीतरी ते जिने चढून गेलें पाहिजे, आणि घर पुनर्बांधणीसाठीं पाडलें जाण्यापूर्वीं गेलें पाहिजे.